उजव्या गालावरचा वांग

सोमवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. उजव्या गालावरचा वांग जराही फिका पडत नाहीये. डॉक्टरांचं क्रीम झालं, सासूबाईंचं मसूर डाळीचं पीठ झालं, आणि आज कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या पेडणेकर मॅडम म्हणतात, "अगं, वाढलाय की तुझा डाग! मी बाई ऊन लागूच देत नाही."

मी तरी कुठे उन्हात जाते? सानपाड्याला बसमध्ये चढते, महापेला उतरते, दिवसभर एसीत.

आत्ता क्रीम चोळताना लेक म्हणाली, "आई, डावा गाल तर एकदम क्लीन आहे." मग उजवाच का? उजवाच का... आणि डोक्यात प्रकाश पडला. सकाळी जाताना ऊन बसच्या उजवीकडून येतं. संध्याकाळी बस उलटी फिरते, तोवर सूर्यही फिरलेला असतो, म्हणजे पुन्हा उजवीकडूनच. आणि ती उजवी खिडकी मला दिली कुणी? "तू बस गं खिडकीशी, वारा लागेल," म्हणणाऱ्या मॅडमनी. स्वतः आतल्या बाजूला, माझ्या सावलीत.

आणि मी वेडी, उपकार मानून दर गणपतीत त्यांना उकडीचे मोदक नेऊन देते!