चौदाव्या क्रमांकाचं गाणं

२ मार्च, सोमवार

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला जी मुलगी येते, तिने रेडिओ आणून ठेवलाय. गिऱ्हाईक वाट बघून कंटाळतं म्हणे. रेडिओवर नव्वदच्या दशकातल्या आवडत्या शंभर गाण्यांसाठी मतं मागताहेत. रॉक, पॉप, नाचाची, काहीही चालेल. प्रत्येकाने पाच कळवायची. "तुमच्या काळातलं ना हे?" ती म्हणाली. तुमच्या काळातलं! जणू मी चावीचा ग्रामोफोन फिरवत मोठी झाले.

चार पटकन लिहिली. गिटारवाल्या चौघांचं, ज्यात गाणारा शेवटच्या कडव्यात नुसता ओरडतो आणि तरी आपल्याला भरून येतं. तीन मुलींचं ते भांडकुदळ गाणं. एक नाचाचं, ज्यात सगळं वाजणं अचानक थांबतं आणि परत सुरू होईपर्यंत पाय हवेतच. एक अगदी मुळमुळीत प्रेमाचं — ते का आवडतं ते मी कोणाला सांगणार नाही.

पाचवी जागा रिकामीच सोडली. आमचं गाणं लिहायला हात धजेना.

४ मार्च, बुधवार

ताईचा फोन. तिनेही मतं दिली. "मी आपलं पहिलं लिहिलं गं. आपणच नाही लिहिलं तर कोण लिहिणार?"

आपलं, म्हणाली.

९ मार्च, सोमवार

लागलं. चौदावा क्रमांक!

एका आजोबांच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत होते. सुरुवातीचा तो ठेका आला आणि हातातला बारीक स्क्रू कुठेतरी उडाला. मग ताईचा आवाज. चोवीस-पंचवीस वर्षांची ताई, भरदुपारी, भिंतींना गोधड्या ठोकलेल्या त्या गॅरेजात. रेडिओवालीने नाव घेतलं ते माझं. डोळे तपासणारी धावत बाहेर आली. "अहो, म्हणजे या तुम्हीच? तुम्ही गायच्यात?" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली वाकून स्क्रू शोधत राहिले. सापडल्यावरही शोधत राहिले.

१० मार्च, मंगळवार

हे पान कोणी वाचणार नाही, तेव्हा एकदाचं लिहून टाकते.

गाणं कीबोर्डवाल्याने बांधलं. आम्ही त्याला तेवढंच म्हणायचो. त्या गॅरेजात ताई दोनदा गायली, दुसऱ्या खेपेचं ठेवलं. मी सोबत गेले होते, स्टुलावर बसून शेंगदाणे खात होते. गाणं झाल्यावर त्याने आधी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आवाज हा. पण चेहरा हा." ताईचे पुढचे दात तेव्हा पुढे होते, हसताना ती तोंडावर हात धरायची. तिने तसाच हात धरला आणि म्हणाली, "बरोबर आहे. मला कुठे नाचता येतं?"

सीडीच्या कव्हरवर मी. टीव्हीवर मी. लोकांपुढे ओठ हलवणारी मी. त्या काळात पुष्कळजणी तसं करायच्या, ताईची हरकत नव्हती — एवढंच असतं तर झोप लागली असती.

खरं ते पुढे आहे. उद्या लिहीन.

११ मार्च, बुधवार

नाही लिहिलं. रेडिओवालीचा दुकानात फोन. शनिवारी अकराला स्टुडिओत या, गप्पा मारू, जमल्यास दोन ओळी गा. मी "हो" म्हणाले. अगदी सहज. सवय झालीये.

१२ मार्च, गुरुवार, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत

गाणं गाजल्यावर दोन महिन्यांनी कीबोर्डवाल्याचा घरी फोन आला. आई बाहेर, ताई शिकवणीला. मी एकटी. तो म्हणाला, हळू चालीचं एक गाणं केलंय, ते तुझ्या ताईसाठीच आहे. तिच्या नावाने, तिच्या फोटोसकट. या वेळी चेहऱ्याबिहऱ्याची भानगड नाही. शुक्रवारी चारला तिला पाठव, नाहीतर दुसरी बघावी लागेल.

मी म्हणाले, "सांगते."

सांगितलं नाही. ती तिच्या नावाने गायली असती तर पहिल्याच ओळीला सगळ्यांना कळलं असतं मी काय आहे ते. वीस वर्षांची होते. रस्त्यात पोरी थांबवून सह्या मागायच्या.

एवढ्यावरही थांबले नाही. शुक्रवारी त्याचा परत फोन येईल म्हणून तीनलाच ताईला घेऊन बाहेर पडले. चपला घ्यायला. माझ्या कमाईतून, तिच्या आवडीच्या. ती इतकी खूश होती की दुकानातून त्याच घालून निघाली.

पुढे मी माझ्या आवाजात एक गाणं काढलं. आठ दिवसांत गारद. ताई हॉस्पिटलात नोकरीला लागली. अजून तिथेच आहे. बाह्यरुग्ण विभागात माइकवर नंबर पुकारते. त्रेचाळीस, खोली दोन. चव्वेचाळीस, खोली पाच. एकदा दाखवायला गेले होते तेव्हा शेजारची बाई म्हणाली, "किती गोड बोलते हो ही." मी मान हलवली.

१३ मार्च, शुक्रवार

ताईकडे गेले. उद्या काय घालून जायचं, केस कसे ठेवायचे, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. "आणि गा म्हणाले तर घसा खराब आहे म्हण," म्हणाली आणि हसली. दात केव्हाच नीट झालेत, तरी हात तोंडावर.

चहा अर्धा झाला होता. सांगून टाकलं. फोन, निरोप, सगळं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

ती म्हणाली, "कुठला शुक्रवार?"

"चपला घेतल्या तो."

ती उठली. दोन्ही कप घेऊन आत गेली. माझा अजून संपला नव्हता. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली ती हात पुसतच. म्हणाली, "मी त्या आठवड्यात तुला रोज विचारायचे ना गं, कुणाचा फोन आला होता का म्हणून."

विचारायची. मी विसरले होते. खरंच विसरले होते.

"त्या चपला मला चावायच्या," ती म्हणाली. "तू घेऊन दिल्यास म्हणून तीन वर्षं घातल्या."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं. "आता तू जा."

घरी पोचल्यावर रेडिओवालीला फोन करून सांगितलं, मी येणार नाही. तो आवाज माझा नाही, माझ्या बहिणीचा आहे. ती म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही आमच्या कार्यक्रमात सांगाल?" मी म्हणाले, सांगायचं की नाही ते ताईने ठरवायचं. ताईचा नंबर दिला. शनिवारचं पुढे ढकललं त्यांनी.

१५ मार्च, रविवार

ताईचा फोन नाही.

१७ मार्च, मंगळवार

भावजींचा फोन. "काय बिनसलंय तुमच्यात? दोन दिवस घरी आहे. घसा बसलाय म्हणते. नंबर पुकारायला दुसऱ्या बाईंना बसवलंय."

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का.

"नाही. तुझं नाव काढलं की उठून जाते."

त्यांना सांगावंसं वाटलं, पण आता जे काही सांगायचं ते तिनेच. माझी सांगायची वेळ तीस वर्षांपूर्वी होती.

१९ मार्च, गुरुवार

एका बाईंना लांबचा आणि जवळचा नंबर उलटा लावून दिला. परत आल्या, चांगल्या होत्या म्हणून ओरडल्या नाहीत. डोळे तपासणारीने विचारलं, "बरं नाही का?" तिला सांगितलं, ते गाणं मी गायलेलं नाही. ती म्हणाली, "मग कव्हरवर तुम्ही कशा?"

ताईला पत्र लिहायला घेतलं. तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी चौथ्या ओळीपर्यंत मी माझीच बाजू मांडायला लागले होते.

२० मार्च, शुक्रवार

ताईचा फोन. एकच वाक्य. "उद्या अकराला मी जाणार आहे, तू येऊ नकोस."

२१ मार्च, शनिवार

गेले नाही. दुकानात रेडिओसमोर उभी राहिले.

त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. गाणं सबंध लावलं. मग रेडिओवालीने विचारलं, "एवढा आवाज असून पुढे का गायला नाहीत? कोणी बोलावलं नाही का?"

मी काउंटर धरला. आता ताई सांगेल. सांगू दे.

"बोलावलं होतं," ताई म्हणाली. "निरोप मिळायला उशीर झाला."

"किती उशीर?"

"परवापरवा मिळाला." आणि ती मोठ्याने हसली. मी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. "हा माइक चालू आहे ना? मग गाते."