वाळूच्या ग्रीनवर पुसलेला चेंडू

बाबा,

एकोणीसशे बासष्टच्या जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी पावणेदहा. बुलढाण्याच्या क्लबच्या गोल्फ मैदानावर, शेवटच्या होलपाशी, तुम्ही मला चारचौघांत लबाड ठरवलंत. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका.

आपल्याकडे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची हिरवळ, नावालाच. गवत जगवायला पाणी कुठलं? वाळूत जळकं तेल मिसळून चोपलेलं काळं वर्तुळ आणि मधोमध भोक. चेंडू त्यावर आला की वाळू चिकटून तिळाच्या लाडवासारखा दिसायचा आणि तसाच ढकलला तर वाकडा जायचा. त्याच आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून विलायतेचा नवा नियम आम्हाला वाचून दाखवला होता: ग्रीनवर चेंडूमागे खूण ठेवा, चेंडू उचला, पुसा, होता तिथेच परत ठेवा. आई भाकरी थापत होती. "एवढ्याशा गोळीले पुसासाठी विलायतेले इचारा लागते काय?" ती म्हणाली. पूर्वी पुसायला बंदी होती, असं तुम्ही गंभीरपणे सांगितलंत. "म्हंजे इतके दिवस घाणच ढकलत होते," आई म्हणाली आणि तुम्हाला ठसका लागला.

तर तो रविवार. क्लबच्या चषकाचा सामना बरोबरीत आहे. माझ्यासमोर तुमच्या साहेबांच्या पत्नी, पंच तुम्ही. माझा चेंडू भोकापासून दोन हातांवर. मघाशीच बाईसाहेब माझ्या चेंडूच्या वाटेवरून टाचांचे सँडल घालून चालत गेल्यात. दुसऱ्याच्या वाटेवर पाय देऊ नये हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलंत, पण त्या वेळी तुम्ही आभाळ बघत होता. मी चेंडूमागे नाणं ठेवते, चेंडू उचलते, खोचलेल्या पदराच्या टोकाने पुसते, नाण्यापुढे परत ठेवते, मग नाणं उचलते. "अय्या, हिने हात लावला," बाईसाहेब म्हणतात. तुम्ही एकदा साहेबांकडे पाहता. "हात लावला ना? मग होल बाईसाहेबांचा. सामनाही." मी म्हणते, "बाबा, परवाच तर तुम्ही..." तुम्ही मला पुढे बोलू देत नाही. "पंच मी आहे. माफी माग." आणि लोकांकडे वळून हसत म्हणता, "घरी जिंकायची सवय लागलीय तिला." मी माफी मागितली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोटवलेल्या इंग्रजीत, एकही चूक न करता.

घरी आईने विचारलं, "काऊन हो, पोरीनं चोरी केली काय? माफी कायची?" तेव्हा तुम्ही बूट सोडता सोडता म्हणालात, "नियम मला ठाऊक आहे. पण साहेबांच्या बायकोला तो शिकवला, तर पुढच्या महिन्यात आपलं बिऱ्हाड लोणारला. आणि शेवटी खेळच आहे." खेळच होता, तर खरं बोलायला तुमचं काय जात होतं? तुमचं काही गेलं नाही. मी मात्र गावात चेंडू सरकवणारी मुलगी झाले. बाजारात वांगी निवडताना बायका म्हणायच्या, "हात सांभाळून वो ताई."

पुढे मी शिक्षण खात्यात लागले. एका साहेबाच्या भाच्याचे गुण वाढवायला सांगितलं, मी नाही म्हटलं. बदली झाली, तीही लोणारलाच. एसटीच्या टपावर ट्रंक चढवली आणि गेले. भाजी ताजी मिळायची, शेजार चांगला होता. ज्याला भिऊन तुम्ही मला विकलंत ना बाबा, ते एवढंच होतं.

तेव्हा मला उत्तर हवं, आणि लेखी हवं. तो चषक बाईसाहेबांच्या नातवंडांना लखलाभ. मला एक ओळ पुरे: माझ्या मुलीने नियम मोडला नव्हता. खाली तुमची सही. मुदत येत्या गुढीपाडव्यापर्यंत. सबब चालणार नाही, मेल्याचीही नाही. पाडव्यानंतर आलेलं उत्तर मी फोडणारसुद्धा नाही.

पत्ता असता तर हे रजिस्टरने पाठवलं असतं. आता कपाटात ठेवते आहे. मागच्या खेपेला तुम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. ती मीच वाढवली.