बिनजखमेचा शनिवार

मंगळवार, १९ मार्च

म्हणे मला प्रशिक्षण! हॉस्पिटलच्या साहेबांचा सकाळीच फोन — त्यांच्या चादरी धुणाऱ्या प्रत्येक लॉन्ड्रीत सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालंच पाहिजे, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. आणि मालकांनीही बसायचं.

ही लॉन्ड्री नवऱ्यामागे मी एकटीनं चालवली. आमच्या मशीनला जाळी आहे, ओल्या फरशीवर पायपुसणी आहेत. आणि महिनाभरात कुणाला काही लागलं नाही, तर शेवटच्या शनिवारी सगळ्यांना अर्धी सुट्टी, भरपगारी! एकीला जरी लागलं तरी सगळ्यांची रद्द. म्हणून बायका एकमेकींना जपतात. ही माझी स्वतःची कल्पना, आणि आजवर एकही शनिवार बुडालेला नाही. शिकवा आता मला!

बुधवार, २० मार्च

ट्रेनर आली. माझ्या मुलीपेक्षाही लहान असेल. आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते दाखवायला गळ्यात शिट्टी, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीपर्यंत बायकांनी तिचं नावच शिट्टी पाडलं.

निवडीच्या टेबलाशी ती बराच वेळ थांबली. तिथे हॉस्पिटलच्या मळक्या चादरी झटकून वेगळ्या करतात. त्यांत कधीकधी इंजेक्शनची सुई राहून जाते, हे तिला ठाऊक होतं. टोचली तर आधी साबण-पाणी, मग त्याच दिवशी डॉक्टर. रक्तातून कावीळ होते, त्याहून वाईटही होतं, असं तिनं सांगितलं. मग विचारलं, आजवर कुणाला टोचली आहे?

एकही हात वर नाही. माझी वहिनी त्या टेबलाची मुकादम. तिनंही नाही म्हणून मान हलवली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गुरुवार, २१ मार्च

आज मालकांसाठीचा भाग — मी आणि शिट्टी, दोघीच. तिनं भलंमोठं बाड दिलं, पुस्तिका, भिंतीवर लावायचे तक्ते. हातमोजे नाहीत का, म्हणाली. आहेत की, कपाटात! बोटं चालत नाहीत म्हणून बायकाच घालत नाहीत. तिनं विचारलं, एवढ्या सुया निघतात आणि कुणालाच टोचत नाहीत? मी म्हटलं, आमच्या बायकांच्या बोटांना डोळे आहेत. ती हसली नाही. शनिवारच्या सुट्टीबद्दल मात्र खोदून खोदून विचारलं. मी कौतुकानं सगळं सांगितलं.

"ही अट काढून टाका," ती म्हणाली.

डोकंच फिरलं! माझ्या घडी बसलेल्या कारभारात ही कोण नाक खुपसणारी? ऐकून तर घ्या, म्हणत होती. मी चहा पाजला आणि वाटेला लावलं.

शनिवार, २३ मार्च

तक्ते लावले. माझ्या केबिनच्या दारामागे.

सोमवार, २५ मार्च

शिट्टीनं शेरा मारला — निवडीचं टेबल धोक्याचं. शुक्रवारी ती पुन्हा बघायला येणार, मग हॉस्पिटल काम ठेवायचं की नाही ते ठरवणार. येऊ दे!

वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, टोचतं का गं? तर म्हणाली, वन्सं, तुम्ही कशाला जीव जाळताय. झालं तर मग. शुक्रवारी मी स्वतः त्या टेबलाशी बसणार, हातमोज्यांशिवाय, शिट्टीच्या नाकावर टिच्चून.

बुधवार, २७ मार्च

वहिनी म्हणते, बसू नका, कंबर धरेल. माझी कंबर अजून ठणठणीत आहे!

शुक्रवार, २९ मार्च

लिहिताना बोट ठणकतंय.

शिट्टी यायच्या आधीच बसले, जरा हात बसावा म्हणून. पहिल्या चादरी झरझर निघाल्या. मग एका अभ्र्यात हात घातला आणि सुई — मधल्या बोटात, खोल. तोंडातून आवाज फुटायच्या आत वहिनीनं माझा हात फडक्यात गुंडाळून टेबलाखाली ओढला. पलीकडच्या बाईनं सुई उचलून डब्यात टाकली. तिसरीनं अभ्रा गुंडाळून दूर सारला. कुणी मान वर केली नाही, काम थांबलं नाही. अशी सफाई एका दिवसात येत नाही.

वहिनी कानाशी वाकली. "गप्प राहा वन्सं. उद्या शनिवार आहे."

आणि मी गप्प राहिले. मी — मालकीण! स्वतःच्याच लॉन्ड्रीत बोट लपवून बसले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मग उठले, साबणानं हात धुतला, आणि शिट्टी दारात आली तसं बोट तिच्यापुढे धरलं. ती एक शब्द टोचून बोलली नाही. उलट मला दवाखान्यात घेऊन गेली. रक्त दिलं, इंजेक्शन घेतलं.

परत येऊन सगळ्यांना सांगितलं — मला सुई टोचली. उद्या सुट्टी आहेच, यापुढे दर महिन्याला आहे, लागो न लागो. हातमोज्यांची तक्रार असेल तर दुसरे आणू, पण घालावे लागतील. शिट्टीला काय म्हणायचं ते म्हणू दे, काम जायचं तर जाऊ दे. आणि कुणाला आजवर टोचली असेल, तर उद्या सुट्टी झाल्यावर माझ्याबरोबर दवाखान्यात चला, खर्च माझा.

सगळ्या पुन्हा कामाला लागल्या. वहिनी खाली बघत चादर झटकत राहिली.

शनिवार, ३० मार्च

अर्धी सुट्टी दिली. पर्स घेऊन बाहेर आले, तर फाटकाशी वहिनी उभी. तिच्यामागे निवडीच्या टेबलावरच्या सगळ्या — एकूण एक.