एकाच डब्यातल्या गोळ्या

प्रिय मिनल,

तुझं पार्सल मिळालं. स्वेटर बाबांना फार सैल होतो, पण काढायला तयार नाहीत. वाडीच्या गोदामात पैज लावून पोतं खांद्यावर घेणारा हा माणूस आता खुर्चीतून उठताना टेबल धरतो. त्यांच्या मांड्या पार वाळल्यात.

तुला सांगितलं होतं ना, आम्ही दोघांनी दवाखान्यातल्या एका चाचणीत नाव घातलंय म्हणून? शुगरवाल्यांची ती नेहमीची साधी गोळी म्हातारपणी झिजणाऱ्या स्नायूंना सावरते का, ते बघत होते. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी खोटी; कुणाला कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मी नाव घातलं ते यांच्यासाठीच. उठवणाऱ्याच्या हातात तरी जोर हवा.

आणि तुझ्या बाबांनी काय करावं? दोघांच्या बाटल्या बडीशेपेच्या डब्यात ओतून एक केल्या! संत्रंसुद्धा निम्मं मला दिल्याशिवाय खात नाहीत, तू बघितलंच आहेस. मी ओरडले तर म्हणतात, “एकाले खरी अन् एकाले खोटी, हे काय झालं वं? आता दोघायलेही भेटन.” दोन्ही बाटल्या खोट्याच असल्या तर, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी तो डबा घेऊन दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टर हिमानी, तुझ्याच वयाची पोर, रागावली नाही. डबा बघत बसली आणि म्हणाली, काकू, आता तुम्हा दोघांना यातून काढावं लागेल. हे अजून रोज चहानंतर गोळीसाठी हात पुढे करतात. मी काय ठेवू त्या हातावर?

फोनवर हे बोलता येत नाही. हे स्पीकर लावून शेजारीच बसतात आणि आमचं मस्त चाललंय म्हणून सांगतात. मंगळवारी बाथरूममध्ये घसरले. लागलं नाही, पण उठता येईना. मी पदर खोचला, काखेत हात घालून ओढलं, पुन्हा ओढलं, हलले नाहीत. शेवटी मीही त्यांच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. शेजारच्या कौशल्याबाई येईपर्यंत आम्ही तिथंच होतो. माझं मनगट चोळत म्हणाले, “पोरीले सांगू नको वं.” मिनल, मला त्यांना उचलता येत नाही गं. तू ये. मी बोलावलं म्हणून नको, सहज आल्यासारखी ये.

तुझीच,
आई