आत्याच्या गुडघ्यांची जाहीर बदनामी

प्रिय आत्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना मनापासून नमस्कार. तब्येत कशी आहे हे विचारायला मला तोंड नाही, कारण ती आता पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि तीही माझ्याच कृपेने.

झालं ते असं. गोळाफेकीच्या स्पर्धेनंतरच्या तपासणीत माझ्या लघवीत (माफ कर, पण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही) ताकद वाढवायचं औषध सापडलं. वकील येईपर्यंत तोंड उघडू नकोस, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. पण दारात चार पत्रकार दिसले आणि मी सांगून टाकलं, खोकल्याचं औषध घेतलं होतं. कुठलं, असं त्यातल्या एका बाईंनी विचारलं. मला एकाही औषधाचं नाव आठवेना (जन्मात कधी खोकलो असेन तर ना!). म्हणून घाईघाईत म्हणालो, "नाही, नाही, आत्याच्या गुडघ्याच्या गोळ्या. चुकून एक खाल्ली." अहवालात निघालं, औषध तीन महिने घेतलेलं. मग म्हणालो, तीन महिने चुकून खाल्ल्या.

पुढचं तुला माहीतच आहे. पत्रकार तुझ्याकडे आले तेव्हा तू स्टुलावर चढून पंखा पुसत होतीस, आणि नेमका तोच फोटो छापून आला. औषधवाले सांगतात, तेव्हापासून रोज कुणीतरी ‘त्या आत्याच्या गोळ्या’ मागायला येतं.

काल चौकशी समितीपुढे उभा राहिलो. वकिलांनी पढवलेलं सगळं पाठ होतं. एवढ्यात अध्यक्षांनी फाइलमधून एक कागद काढला. अक्षर तुझं! "पोराला काही कळत नाही. गोळ्या मीच त्याच्या दुधात घातल्या. बंदी घालायची तर माझ्यावर घाला, पुढची चार वर्षं मी गोळा फेकणार नाही."

अध्यक्ष गालातल्या गालात हसले. मला मात्र रडू फुटलं (एकशे वीस किलोचा माणूस हुंदके देतो तेव्हा टेबलावरचे ग्लाससुद्धा हलतात). मी सांगून टाकलं, आत्यानं आयुष्यात डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेतलेली नाही. माझा गोळा वर्षभर अर्धा मीटर कमी पडत होता, म्हणून मीच औषध आणलं, समजून-उमजून घेतलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. मला चार वर्षांची बंदी झाली. बाहेर आलो तेव्हा, खरं सांगतो, कित्येक दिवसांनी भूक लागली होती.

पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला ते माझ्यापेक्षा बरं जमतं, म्हणून जास्तच भीती वाटते.

चार वर्षं पूर्ण मोकळा असलेला,
तुझा भाचा

ता. क. निकाल सोमवारी पेपरात येईल. तू रविवारी आमच्याकडे येशील का? बाबांना अजून गोळ्या तुझ्याच वाटतात. तुझा फोन आला की ते मुद्दाम अंघोळीला का जातात, ते आता कळलं असेल.

ता. क. २. त्यांना तू सांगायचं नाहीस. मीच सांगेन. तू फक्त माझ्या शेजारी बस.