विहिणीचे पाच घास

४ मे २०२१
सकाळीच फोनवरून एकेकाची तब्येत विचारली. थोरल्या जाऊबाई — ताप उतरला. माझा गणेश — तोंडाला चव आली, बोंबील मागतोय! रोह्याला जावई आदेश — बरा, कंपनीत शिफ्टला जातो. माझी भूमिका, सातवा लागलाय तिला — ‘मी बरी हाय गो आये.’

तिच्या सासूची काय विचारायची! विमलबाई खणखणीत. शुक्रवारी ओटीभरण करणार म्हणे. आत्ता, या साथीत! ‘दार लावून करू. पाच सवाष्णी, एकेक घास. रीत मोडायची नाय.’ म्हटलं, रीत राहील, माणूस जाईल. तर म्हणतात, ‘सगुणाबाई, तुम्ही गडब गावचे लोक पहिल्यापासून भित्रे.’

७ मे
केलंच! फोटो आलाय. एक वाटी, एक चमचा, पाच बायका, मास्क हनुवटीला. हिरव्या चुड्यात पोर हसतेय. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

१२ मे
पोरीला ताप! आणि सासू काढा पाजतेय. ‘पोटुशीच्या अंगात दोन जिवांचं बळ असतं, तिला काय होतंय?’ टेस्ट नको — आळीत कळेल. आळीला घाल चुलीत, बये!

आदेशला झापलं. ‘आत्ताच्या आत्ता पेणला आण तिला. मी तिकडे आले तर तुझ्या आईचं काय खरं नाय!’

१३ मे
पॉझिटिव्ह. दाखल केली.

डॉक्टरीणबाईंनी गेटपाशी समजावलं. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला अर्धं परकंच. त्याच्यावर चालून जाऊ नये म्हणून अंग रोगाशी लढणाऱ्या आपल्या पहारेकऱ्यांना जरा सबुरीनं वागायला लावतं. दुबळं होत नाही — सबुरीनं घेतं. हा रोग नेमकी तीच वेळ साधतो. त्यात वाढतं पोट फुफ्फुसांना दाबतं. मला आमच्या खारबांधाची उघाडी आठवली. शेतातलं गोडं पाणी खाडीत जायला बांधातलं ते दार सैल लागतं, पण जास्त सैल राहिलं तर भरतीचं खारं आत शिरतं नि पीक जातं. दोन जिवांचं बळ म्हणे! दोन जिवांची ओढाताण असते ती.

मला साखरेचा आजार, म्हणून आत सोडेनात. विमलबाई मात्र तो प्लास्टिकचा झगा चढवून घुसल्या. ‘तुम्ही गेटावर बसा. सून माझी हाय.’ आधी आजारी पाडा, मग मालकी सांगा!

१७ मे
ऑक्सिजन वाढवला. पहारेकरी आता खवळलेत, पण चोराला सोडून घरच्यांनाच बडवतायत — फुफ्फुसं सुजली. ती सूज उतरायला इंजेक्शन द्यायचं, तर आतून विमलबाईंचा फोन — ‘नको, बाळाला बाधेल!’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न दिलं तर दोघंही जातील. आदेशनं सही केली.

मी फोनवर ओरडले, ‘पुन्हा तोंड दाखवू नका मला!’ गेटावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ऐकू दे.

२१ मे
ऑक्सिजन उतरतोय. पेज प्यायली! नर्स सांगत होती, सासूबाई तिला कुशीवर वळवतात, पाठीला उशा लावतात, हलत नाहीत जागच्या. बऱ्या बसल्यात. पाप फेडतायत.

२६ मे
घरी आणली, माझ्याकडे. बाळाचे ठोके चांगले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लढता लढता आईच्या अंगानं जे बळ बनवलं, त्यातलं थोडं नाळेतून बाळालाही मिळू शकतं. किती नि किती दिवस, ते नाही सांगता येत.

विमलबाई निरोप न घेताच रोह्याला गेल्या. जाऊ दे! आल्या असत्या तर दार लावून घेतलं असतं मी.

२८ मे
आदेशचा फोन. विमलबाईंना अलिबागला नेलंय, ऑक्सिजनवर. वॉर्डात असतानाच ताप होता. गोळ्या खाऊन लपवला — कळलं तर बाहेर काढतील, मग सुनेला कुशीवर कोण वळवणार?

मेसेज पाठवला. अजून एकच टिक. इथं पुन्हा लिहून ठेवते —

विहीणबाई, बाळंतपण माझ्याकडे, पण पहिली घुटी तुमच्याच हातची. नाहीतर भांडू कोणाशी? दोन अक्षरं लिहा. लवकर लिहा.