बर्फाची गाडी, खोटारडा काटा

२ मार्च, संध्याकाळ
आज गाडी पुन्हा तापली. त्याच चढावर, वळणाच्या अलीकडे. टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत जाऊन असा ताठ उभा राहिला की जणू चूक माझीच आहे. मी रस्त्याच्या कडेला बसून इंजिन निवायची वाट बघतोय आणि मागे बर्फाच्या लाद्या टपाटप गळतायत. मासळी बाजारात पोचलो तेव्हा निम्मा माल वाहून गेला होता. एका मासळीवालीने विचारलं, बर्फ आणलाय की रस्ता धुवून आलात? सगळ्या हसल्या. मी हसलो नाही.

परतल्यावर बर्फ कारखान्याच्या मालकाने लगेच केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, पुन्हा माल वितळून पोचला तर ही फेरी डुलक्याला देऊन टाकीन. डुलक्याला! स्टिअरिंगवर डुलक्या काढतो म्हणून तर त्याचं हे नाव पडलं. स्वतःची गाडीसुद्धा नाही, दुसऱ्यांच्या चालवत फिरतो. आमचं घर या एकाच फेरीवर चालतं हे मालकाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर हा आवाज.

निश्चय: इंजिन मी स्वतः दुरुस्त करणार. आठवड्याच्या आत. कुणाच्याही मदतीशिवाय.

३ मार्च
बायको म्हणाली, भाऊजींना दाखवा ना एकदा. भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. म्हणजे माझा साडू. म्हणजे इथला सगळ्यात मोठा गॅरेजवाला आणि गॅरेजपेक्षा मोठा शहाणा. मागच्या वर्षी घरच्या लग्नात, भर पंगतीत म्हणाला होता की आमचे साडू गाडी उत्तम चालवतात, फक्त गाडी काही सांगायला लागली की तिला गप्प करतात. सगळे हसले. बायकोही हसली, पदराआड, पण मी पाहिलं. त्या दिवशीच ठरवलं, या माणसाच्या गॅरेजची पायरी चढायची नाही. गाडी जळून कोळसा झाली तरी बेहत्तर.

बायको पुढे म्हणाली की सकाळी गाडी चालू केली की काहीतरी किंचाळतं, पट्टा सैल झाला असेल. तिच्या शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की असाच आवाज येतो म्हणे. मी शांतपणे समजावलं की ब्लाऊज शिवणं वेगळं आणि दहा टन ओढणं वेगळं. किंचाळतं ते इंजिनाची ताकद आहे. शांतपणेच समजावलं होतं. शेजारच्यांनी खिडकी का लावून घेतली कळलं नाही.

५ मार्च
डायग्नोसिस झालं. रेडिएटरचं झाकण. नवीन बसवायचं म्हणून चढावर गाडी तापलेली असतानाच जुनं उघडलं. उकळतं पाणी थेट हातावर! झाकण इतकं खराब होतं याचा याहून मोठा पुरावा कोणता? नवं झाकण एका हाताने बसवलं.

तरी तापली. झाकणं विकणाऱ्याने ठकवलं. उद्या त्याच्याकडे बघतो.

६ मार्च
झाकणवाल्याकडे गेलो नाही, हाताची आग होतेय. पण बसल्या बसल्या खरी गोष्ट लक्षात आली. गाडी तापतच नाही. काटा खोटं बोलतो! इतकी वर्षं या काट्यावर विश्वास ठेवला आणि या नालायकाने मला रस्त्याच्या कडेला बसवून बसवून माझी अब्रू घालवली. डॅशबोर्डमागे हात घालून त्याची वायर उपसून काढली. काटा झटकन खाली. एकदम थंडगार.

प्रॉब्लेम सॉल्व्ह. बायकोला सांगितलं. ती बटणं लावत बसली. तिला आनंद दाखवता येत नाही.

७ मार्च
सकाळी फेरी. काटा पूर्ण वेळ खाली. चढाच्या मध्यावर पुढून वाफ आली, धुकं असावं.

रात्री पुन्हा विचार केला. धुकं नव्हतं.

८ मार्च, पहाटे
सुचलं! आणि इतकं सोपं की स्वतःचाच राग आला. मी बर्फ वाहतो. गाडीत बर्फ. मागे बर्फच बर्फ. आणि पुढे इंजिन तापतंय म्हणून मी रडतोय! साडूच्या सात पिढ्यांना हे सुचणार नाही, कारण त्याच्याकडे बर्फ नाही.

अर्धी लादी फोडून गोणपाटात भरायची आणि पोतं रेडिएटरच्या जाळीसमोर बंपरला बांधायचं. इंजिनाला समोरून थंड हवा. एसीचा सिद्धांत हाच असतो.

८ मार्च, संध्याकाळ
अर्धा चढ झकास गेला. अक्षरशः गाणं म्हणत गेलो. मग बर्फ संपला, ओलं पोतं जाळीला चिकटलं आणि पूर्वी कधी तापली नाही इतकी तापली. निष्कर्ष स्वच्छ आहे. बर्फ कमी पडला.

माल थोडा वितळला. मालकाने नुसतं बघितलं. असं बघण्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं.

१० मार्च
दोन पोती बांधली. जाळी दिसतसुद्धा नव्हती, इतकी मजबूत कूलिंग सिस्टिम. वळणाच्या बऱ्याच आधी बंद पडली. बायकोला हा अन्याय सांगितला तर म्हणते, तोंडाला उशी बांधून तुम्ही एकदा तो चढ चढून बघा. मी म्हटलं, इंजिनाला नाक नसतं. ती म्हणाली, तुमच्या नाकाचंच तर सगळं दुखणं आहे, उद्या तरी भाऊजींकडे जा. मी ताट सरकवून उठलो. मागाहून भूक लागली, पण उठलेला माणूस परत बसू शकत नाही.

११ मार्च
डुलक्या कारखान्यात भेटला. चढावर गाडी कशी चालते, असं विचारत होता, अगदी सभ्यपणे. बांधलेल्या पोत्यांकडे बघून म्हणाला, दादा, वारा अडत नसेल ना? तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, तू झोप काढ. आता हाही शिकवायला लागला मला!

निश्चय: यापुढे सगळा अपमान मनात ठेवायचा आणि चेहरा शांत.

१२ मार्च
आज निकाल लावला. चढावर गाडी उकळायला लागली तेव्हा चेहरा शांत ठेवून उतरलो. मागच्या फाळक्याखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी बादलीभर धरलं. इतकं गार की बोटं बधिर झाली. झाकण फडक्याने धरून उघडलं, या वेळी वाफ हातावर येऊ दिली नाही, आणि अख्खी बादली रेडिएटरमध्ये ओतली. उकळत्या इंजिनात बर्फाचं पाणी! थेट रोगावर घाव.

आतून कट्ट असा आवाज आला. अवघडलेली पाठ मोकळी होताना येतो तसा. इंजिनाला किती बरं वाटलं असेल!

१३ मार्च
सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर. याआधी काळा यायचा. म्हणजे आतली सगळी घाण निघून गेली. ऑइल तपासलं तर तेही उजळलंय, कालचं काळंकुट्ट ऑइल आज दुधाच्या कॉफीसारखं दिसतंय. बायकोला मुद्दाम दाखवलं. ती बराच वेळ त्या ऑइलकडे बघत राहिली. मग म्हणाली, उद्या फेरीला मीही येते.

तिला माझं काम बघायची इच्छा झाली, हे लग्नानंतर पहिल्यांदाच.

१४ मार्च, रात्री
काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहितो, कारण बोलायला घरात कुणी नाही. ती आत दार लावून झोपली आहे.

चढ सुरूही झाला नव्हता. इंजिन खोकलं, थरथरलं आणि बंद. चालू करायला गेलो तर नुसतं घरघर. बायको केबिनमध्ये माझ्या शेजारी. तिने काटा बघितला. खाली होता. मग तिला डॅशबोर्डखाली लोंबणारी वायर दिसली. मला विचारलं, ही तुम्ही काढलीत? मी म्हटलं, काटा खोटं बोलत होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मालकाने बघितलं होतं ना, त्याहून वाईट. मग खाली उतरली, चार पावलं लांब गेली आणि भाऊजींना फोन लावला. मी अडवलं नाही. अडवायचं होतं, पण तिचा आवाज भरून आला होता.

बर्फ सगळा गेला. सगळा म्हणजे सगळा. भुसा आणि ओली पोती उरली. फोनवर मालकाने एकच वाक्य सांगितलं आणि ठेवला. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

१६ मार्च
गाडी ओढून साडूच्या गॅरेजात नेली. मी पायरी चढलो नाही. त्याच्या गॅरेजला पायरीच नाही, सपाट फरशी आहे, तेव्हा तत्त्वाने माझा शब्द मोडलेला नाही.

साडू हसेल, टोमणा मारेल, मग मी त्याचं गचुरं धरेन, अशी पूर्ण तयारी करून गेलो होतो. तो हसलाच नाही! त्याने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा लोखंडी ठोकळा, उतरवलं, पुसलं आणि उजेडात धरून मला केसाएवढी भेग दाखवली. म्हणाला, तापलेल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतलं की होतं तेच झालंय, त्या भेगेतून पाणी ऑइलमध्ये गेलं. मी विचारलं, पण मुळात तापत का होती? तो म्हणाला, फॅनचा पट्टा सैल होता. पान्याने ताणला असता की झालं असतं. बरोबर आलेली बायको म्हणाली, तो रोज सकाळी बोंबलत होता. पान्याने ताणला असता की झालं! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर?

बायकोने सांगितलं होतं. पण तिने ज्या सुरात सांगितलं, त्या सुरात कोण ऐकेल?

त्याने टोमणा मारला नाही याचा राग अजून जात नाही. झोप येत नाही.

२० मार्च
साडूने नवं हेड टाकलं. नवा पट्टा, काट्याची वायरही जोडली. गाडी ठणठणीत. मी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात गेलो. बायको बरोबर आली. मालकाला सांगितलं, इंजिन मी पूर्ण दुरुस्त करून घेतलंय, उद्यापासून फेरी सुरू.

मालक माझ्याशी बोलला नाही. बायकोशी बोलला. म्हणाला, वहिनी, गाडी चांगली आहे, तीच लावा, माझी हरकत नाही. पण ड्रायव्हर डुलक्या.

मी टेबलावर हात आपटला. भाजलेला हात. डोळ्यांसमोर काजवे चमकले. म्हटलं, गाडी माझी आहे! माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसरं कुणी हात लावणार नाही! मग बायकोकडे बघितलं. ती माझी बाजू घेईल याची मला शंभर टक्के खात्री होती. ती मालकाला म्हणाली, कधीपासून पाठवू?

२१ मार्च
नव्या व्यवस्थेचा सगळ्या बाजूंनी विचार केला. यात माझी बढतीच आहे. ड्रायव्हिंग कुणीही करेल, मी आता मॅनेजमेंट बघायचं. डुलक्या चावी न्यायला घरी आला. दादा, काही सूचना, असं विचारलं. पुष्कळ होत्या. राग इतका होता की एकही आठवली नाही. तो नमस्कार करून गेला.

२४ मार्च, दुपार
सकाळी पाण्याचा मोठा डबा भरून चढावर जाऊन बसलो. डुलक्याला लागेल म्हणून. तो वळणाच्या अलीकडे थांबणार, खाली उतरणार, इकडेतिकडे बघणार, आणि मी एक शब्दही न बोलता डबा पुढे करणार, असं रात्रीच ठरवलं होतं.

लांबूनच आवाज ओळखला. किंचाळणं नव्हतं. वळणाच्या अलीकडे त्याने गिअर बदलला, मी बदलतो त्याच्या जरा आधी. काच खाली होती, तो पूर्ण जागा होता. मला बघून हॉर्न दिला आणि हात वर केला. गाडी थांबली नाही. सरळ चढ चढून वळणाआड गेली.

आवाज ऐकू येईनासा झाला तरी मी उभाच होतो. फार वाईट वाटलं. मग भरलेला डबा खांद्यावर घेऊन घरी आलो. बायकोने विचारलं, कुठे गेला होतात? म्हटलं, फिरायला. तिने डब्याकडे बघितलं, तो माझ्या खांद्यावरून उतरवून घेतला आणि पाणी दारातल्या झाडांना घातलं.